बेस अ‍ॅम्प: दहा बाय बाराच्या खोलीत आणि मंडपाच्या स्टेजवर

बेस गिटार वाजवणाऱ्याला अ‍ॅम्पकडून दोन अगदी वेगळी कामं हवी असतात, आणि ती एकाच खोक्याकडून करून घेण्याच्या हट्टात बहुतेकांचे पैसे वाया जातात. घरी हवा असतो कमी आवाजात स्पष्ट बोलणारा, हेडफोन लावता येईल असा छोटा कॉम्बो, म्हणजे एकाच खोक्यात अ‍ॅम्प आणि स्पीकर. कार्यक्रमात हवा असतो ड्रमच्या शेजारी उभं राहून तुमचा सूर तुम्हालाच ऐकवणारा. प्रेक्षकांपर्यंत बेस पोचवणं हे तिथे साउंडवाल्याचं काम, तुमच्या अ‍ॅम्पचं नाही. एवढं डोक्यात बसलं की निम्मी खरेदी आपोआप ठरते.

खालचा सूर येतो कुठून

चार तारांच्या बेसची खुली ई तार ४१.२ हर्ट्झवर वाजते, पाच तारांच्या बेसची बी ३०.९ वर. आठ इंची स्पीकरचा कॉम्बो ४१ हर्ट्झ जवळजवळ काढतच नाही. तरी ई ऐकू येते, कारण त्याच तारेतून ८२ आणि १२३ हर्ट्झचे हार्मोनिकही, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूरही, निघतात आणि त्यांच्यावरून मेंदू खालचा मूळ सूर भरून घेतो. म्हणून छोट्या अ‍ॅम्पवर बेसचा नॉब पिळून काही हाती लागत नाही. स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) जागच्या जागी जोरात हलतो, त्याला जोडलेली कॉइल मागे आपटते आणि सुराऐवजी ‘थड थड’ ऐकू येतं. खोक्याला पोर्टचं भोक असेल तर धोका जास्त: पोर्ट ज्या सुराला बांधलेला असतो त्याच्या खाली गेलं की हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट सुटतो. पाच तारांचा बेस आणि आठ इंची कॉम्बो ही जोडी असेल तर बेसचा नॉब मध्यावरच राहू द्या आणि २५० हर्ट्झच्या आसपासचा लो-मिड थोडा वर घ्या. बी लगेच ‘दिसायला’ लागते.

वॅटबद्दलही थोडं. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष दिलं तर कळेल इतपत. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. २५० वॅट सोडून ५०० वॅट घेण्यापेक्षा तसाच दुसरा कॅब (स्पीकरचं वेगळं खोकं) जोडणं जास्त फळतं, कारण कोनचं क्षेत्रफळ वाढतं आणि ओहम (विजेला होणारा विरोध) कमी झाल्याने अ‍ॅम्पही जास्त ताकद देतो. दोन्ही मिळून ६ डेसिबलपर्यंत फरक पडू शकतो.

घरचा अ‍ॅम्प

पंधरा ते चाळीस वॅट, आठ किंवा दहा इंची स्पीकर, हेडफोनचं भोक आणि गाणं लावायला ऑक्स इनपुट. एवढं पुरतं. फेंडर रंबल २५ किंवा हार्टके एचडी २५ हे आठ इंचीतले नेहमीचे. रंबल ४० मध्ये दहा इंची स्पीकर असतो आणि मागे एक्सएलआरची (माइकसारख्या तीन पिनांची) डीआय लाइन, म्हणजे थेट मिक्सरकडे जाणारी जोडणी, मिळते. ढोलकी, पेटी आणि गायक अशा छोट्या मैफलीला तो चालून जातो, म्हणून पहिला अ‍ॅम्प घेणाऱ्याला तोच जास्त सोयीचा.

गाणं मोबाइलवरून ऑक्सच्या वायरने लावलं काय, ब्लूटूथने लावलं काय, फरक पडत नाही. ते फक्त ऐकायचं असतं. पण स्वतःचा बेस मात्र ब्लूटूथ हेडफोनवर ऐकू नका. तिथे आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त उशिरा येतो, आणि महिनाभर तसा सराव केला की हात ठेक्याच्या पुढे धावायला लागतो. लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस वापरत असाल तर बफर (आवाज साठवून पुढे द्यायचा तुकडा) १२८ सँपलवर ठेवा. ४८ किलोहर्ट्झला तो एका बाजूने २.७ मिलिसेकंदांचा होतो, हाताला जाणवत नाही.

बरेच जण घरातल्या पार्टी स्पीकरलाच बेस लावतात. हरकत नाही, पण माइकच्या भोकात बिनबॅटरीचा पॅसिव्ह बेस लावला की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. पॅसिव्ह पिकअपला (तारांची थरथर पकडणाऱ्या भागाला) समोर सुमारे १ मेगाओहमचं इनपुट लागतं आणि माइकचं इनपुट त्यामानाने फारच खालचं असतं, त्यामुळे वरचे सूर तिथेच गिळले जातात. स्पीकरवर ‘गिटार’ लिहिलेलं वेगळं भोक असेल तर ते वापरा, नाहीतर मध्ये प्रीअ‍ॅम्प पेडल टाका. अ‍ॅक्टिव्ह बेसला, म्हणजे बॅटरीवाल्याला, हा त्रास जवळपास होत नाही. गिटारच्या अ‍ॅम्पचं असं आहे की हळू वाजवलं तर तोही चालतो, पण आवाज मोठा केला की त्याचा हलका कोन फाटतो. शेजाऱ्यांनी आधी तक्रार केली तर कोन वाचतो, हा एक फायदा.

आता खोली. ठाण्या-नवी मुंबईतल्या फ्लॅटची बेडरूम बहुधा दहा बाय बारा फूट. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो, बारा फुटांमध्ये ४७ च्या आसपासचा. म्हणजे खुली ए (५५) आणि ई तारेवरचा दुसरा फ्रेट, एफ शार्प (४६.२). हे दोन सूर अंगावर येतात, मधलेच काही गायब होतात, आणि माणूस अ‍ॅम्पला नाहीतर स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो. पडताळा सोपा आहे. ए वाजवत ठेवा आणि खोलीत चाला. भिंतीशी आवाज फुगेल, खोलीच्या बरोबर मध्यावर बसेल. बसायची जागा भिंतीपासून खोलीच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा आणि अ‍ॅम्प कोपऱ्यातून बाहेर काढा. कोपऱ्यात दोन भिंती आणि फरशी मिळून खालचे सूर नको तेवढे फुगवतात. इक्वलायझरला हात लावायच्या आधी हे करा.

खालच्या मजल्यावरचे काका

बेसची तक्रार आवाजाची कमी आणि थरथरीची जास्त असते. मोबाइलवरच्या डेसिबल अ‍ॅपने मोजून ‘फक्त ५०’ दाखवायला जाऊ नका. ती अ‍ॅप्स बहुधा ‘ए’ मापाने मोजतात आणि त्या मापात ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबलने कमी धरला जातो. आकडा गरीब दिसतो, पण खालच्या घरात मांडणीवरच्या स्टीलच्या वाट्या एकमेकींवर किणकिणत असतात. ती किणकिण फरशीतून, स्लॅबमधून गेलेली असते.

फरशीतून जाणारी थरथर तोडायला हे करा: १८ मिलिमीटरच्या प्लायचा अ‍ॅम्पच्या तळापेक्षा दोन-दोन इंच मोठा तुकडा, त्याखाली दोन इंच जाडीचा कडक रीबाँडेड फोम, म्हणजे गादीवाल्याकडे तुकडेजोड मिळतो तो. साधा सोफ्याचा मऊ फोम अ‍ॅम्पच्या वजनाने चपटा होतो आणि काही कामाचा राहत नाही. हाताने दाबल्यावर अर्ध्यापर्यंतच दबेल असा निवडा. हे सगळं पलंगावर ठेवू नका, पलंगाची प्लाय स्वतःच ड्रम होते. हवेतून जाणारा खालचा सूर मात्र याने थांबत नाही. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावून तर मुळीच थांबत नाही. ते ट्रे वरच्या सुरांचा जरासा चुरचुराट घालवतात, बेसला त्यांची दखलही नसते, आणि पेटले की भसकन पेटतात.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० मर्यादा ५५ डेसिबल, रात्री ४५. सोसायटीची दुपारची शांततेची वेळ वेगळी. रात्रीचा सराव हेडफोनवरच.

कार्यक्रमाला काय न्यायचं

कॅफेत अकूस्टिक गिटार आणि कहोनबरोबर (बसून हाताने वाजवायचं लाकडी खोकं) ५० ते १०० वॅट आणि दहा किंवा बारा इंची स्पीकर पुष्कळ झाला. पूर्ण ड्रमसेट आला की २०० ते ३०० वॅटच्या खाली आवाज फाटायला लागतो. ठाण्यातलं गडकरी रंगायतन, घाणेकर किंवा वाशीचं विष्णुदास भावे अशा नाट्यगृहांत बेस प्रेक्षकांपर्यंत हॉलच्या साउंड यंत्रणेतून जातो. तिथे मोठा अ‍ॅम्प नेला तर पहिल्या चार रांगांना गायक ऐकू येत नाही आणि साउंडवाला तुमची लाइन बंद करून मोकळा होतो. नवरात्रातल्या मैदानी गरब्याला अठरा इंची सबवूफरची रांग लागलेली असते, तिच्याशी तुमच्या कॅबने स्पर्धा करायचं काही कारण नाही.

अँपेगचा एसव्हीटी हा १९६९ सालचा ३०० वॅटचा ट्यूब हेड (काचेच्या ट्यूबवर चालणारा, स्पीकर नसलेला अ‍ॅम्प) आणि त्याबरोबरचा आठ गुणिले दहा इंचीचा ‘फ्रिज’ हे अजूनही अनेकांचं स्वप्न आहे. खुशाल असावं. तो कॅब साठ किलोंच्या वर भरतो आणि आपल्याकडचे कार्यक्रम दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये असतात, जिथली लिफ्ट त्याच दिवशी बंद असते. आता क्लास डी नावाच्या हलक्या जातीचा हेड दोन-तीन किलोंत ५०० वॅट देतो. ठाणे–वाशी लोकलने जाणाऱ्याने दहा किलो ही मर्यादा धरावी. रंबल १०० चा बारा इंची कॉम्बो नेमका तेवढ्यात बसतो. त्याहून जड असेल तर मालडबा किंवा टेम्पो.

हेड आणि कॅब वेगळे असतील तर ओहमचा हिशेब चुकवू नका. आठ ओहमचे दोन कॅब जोडले की चार ओहम होतात, चारचे दोन जोडले की दोन. हेडच्या मागे ‘किमान ४ ओहम’ लिहिलं असेल तर चारच्या खाली जाणं म्हणजे हेड तापवून बंद पाडणं. चार आणि आठ एकत्र लावले तर २.६७ होतात आणि दोन तृतीयांश ताकद एकटा चार ओहमचा कॅब खातो. जुन्या कॅबवरची पाटी पुसलेली असेल तर मल्टिमीटर लावा: आठ ओहमचा कॅब साधारण साडेपाच ते सात दाखवतो, चारचा तीन ते साडेतीन. ट्यूब हेड असेल तर तो कॅबशिवाय कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

हेड ते कॅब जोडायला स्पीकरचीच वायर लागते: २.५ चौरस मिलिमीटरची, दोन मीटरच्या आत, दोन्ही टोकांना स्पीकॉन कनेक्टर. स्पीकॉन खोबणीत बसवून उजवीकडे पिळला की ‘टक’ होतो. टक झाला नाही तर तो जोडलेला नाही, भले दिसत असो. लॅमिंग्टन रोडवर वायर आणि कनेक्टर दोन्ही सुटे मिळतात. बेसची शिल्डवाली केबल इथे वापरली तर तिची आतली बारीक तार तापते. उलट स्पीकरची वायर बेसला लावली तर शिल्ड नसल्याने ती अँटेना होते आणि घरघर येते. स्पीकॉनऐवजी जॅक असलेली स्पीकरची वायर असेल तर दोन्ही केबल काळ्या, दोन्हीकडे सारखेच जॅक, म्हणून स्पीकरच्या वायरीवर रंगीत टेप गुंडाळून ठेवा.

लाइन देणं

स्टेजवर पोचल्यावर साउंडवाल्याला पहिलं वाक्य हेच: “दादा, बेसची डीआय माझ्याकडे आहे, प्री देतोय.” प्री म्हणजे तुमच्या इक्वलायझरच्या आधीचा आवाज. मग स्टेजवर ऐकू येत नाही म्हणून तुम्ही मध्येच मिड वाढवलात तरी हॉलमधला आवाज बदलत नाही. पोस्टवर ठेवलं की तुमचा प्रत्येक नॉब पाचशे लोकांच्या कानात फिरतो.

अ‍ॅम्पला एक्सएलआर नसेल तर डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारं खोकं) बाळगा. बेस डीआयच्या इनपुटमध्ये, ‘थ्रू’ मधून अ‍ॅम्पला, एक्सएलआर मिक्सरकडे. अ‍ॅक्टिव्ह डीआयला मिक्सरकडून ४८ व्होल्टचा फँटम (केबलमधूनच येणारी वीज) किंवा आत ९ व्होल्टची बॅटरी लागते. काहीच नसेल तर लाइन मुकी राहते आणि सगळे केबलला शिव्या देतात. अ‍ॅम्पचं स्पीकर आउटपुट मिक्सरमध्ये कधीच घालू नका. बऱ्याच क्लास डी अ‍ॅम्पमध्ये त्या आउटपुटची दुसरी बाजू अर्थला जोडलेलीच नसते. ती मिक्सरच्या अर्थला टेकली की शॉर्ट.

लाइन लागली आणि एकसुरी ‘हूं’ सुरू झाली, की ती ५० किंवा १०० हर्ट्झची अर्थची फेरी आहे. डीआयवरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ दाबा. ते फक्त एक्सएलआरच्या पहिल्या पिनचा जोड तोडतं, अ‍ॅम्पच्या अर्थिंगला धक्का लावत नाही. ‘हूं’ ऐवजी ‘झर्र’ असेल आणि तुम्ही फिरलात की कमीजास्त होत असेल, तर ती पिकअपमधून येते, लाइटच्या डिमरमुळे. जॅझ बेसवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की दोन्ही पिकअपचा गोंगाट एकमेकांना मारतो. नाहीतर डिमरकडे पाठ करण्याऐवजी बाजू करून उभे राहा.

वीज: इथे घाई नको

मंडपात, मैदानात, सोसायटीच्या पोडियमवर सर्वांत जास्त अ‍ॅम्प विजेने मरतात, आणि माणसांनाही सर्वांत मोठा धोका तिथेच. साधा मल्टिमीटर बॅगेत असलाच पाहिजे. तो एसी ७५० व्होल्टच्या मापावर ठेवून बोर्ड तीनदा मोजा. वर अर्थचं मोठं भोक असलेला बोर्ड समोर धरला तर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. फेज–न्यूट्रल २२० ते २४०. फेज–अर्थ तेवढंच. न्यूट्रल–अर्थ एक-दोन व्होल्ट, फार तर पाच. फेज–अर्थ ६० किंवा ११० असं काहीतरी अधांतरी आलं तर अर्थिंग लावलेलंच नाही. डावं भोक आणि अर्थ यांत २३० आलं तर वायरी उलट्या आहेत.

फेज–न्यूट्रलचा आकडा स्थिर नसेल, २६०–२८० कडे चढत असेल, तर प्लग लावायचाच नाही. तीन फेजच्या जनरेटरवर न्यूट्रल सैल झाला की हलका लोड असलेल्या फेजवर व्होल्टेज ४०० च्या आसपासपर्यंत जाऊ शकतं. कार्यक्रम चालू असताना, लाइटवाल्याने हॅलोजन बंद केल्याच्या क्षणी हे होतं आणि सगळ्या स्टेजचे अ‍ॅम्प एका झटक्यात जातात. डेकोरेटरच्या माणसाकडून न्यूट्रलचा स्क्रू आवळून घ्या, त्याला वाईट वाटलं तरी. मोजमाप लाइट चालू करून पुन्हा एकदा करा, कारण रिकाम्या बोर्डावर सगळंच छान दिसतं.

अ‍ॅम्पची वीज मिक्सरच्याच बोर्डावरून घ्या, लाइटच्या बोर्डावरून नको. घरघर घालवायला तीन पिनच्या प्लगची अर्थ पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर त्याचं ऐकू नका. बेसच्या तारा तुमच्या अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरच्या. दोन्ही अर्थ वेगळे असले आणि तुम्ही कोरससाठी माइकला ओठ लावलेत, तर वर्तुळ तुमच्यातून पूर्ण होतं. वाजवण्याआधी मल्टिमीटरचं एक टोक बेसच्या ब्रिजला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. दोन-तीन व्होल्टच्या वर काही आलं तर कारण सापडेपर्यंत गाऊ नका. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर एसएमपीएसवाल्या (हलक्या स्विचिंग पॉवर सप्लायच्या) अ‍ॅम्पच्या पत्र्याला ११५ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो आणि हाताला मुंग्या येतात. फिल्टरमधले कपॅसिटर पत्रा अर्ध्या व्होल्टेजला नेऊन ठेवतात. करंट बारीक असतो, पण पावसात ओल्या पायांनी तो अनुभव घ्यायची गरज नाही.

परदेशातून आणलेल्या अ‍ॅम्पच्या मागचा १२०/२३० चा खटका बघूनच प्लग लावा. खटका नसेल आणि पाटीवर नुसतं १२० लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर.

स्टेजवर मांडणी आणि नॉब

‘बेसची लाट आठ मीटर लांब असते, म्हणून जवळ उभं राहिलं की ऐकू येत नाही’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. लाट आठ मीटरची असते हे खरं, पण मग इअरफोनमध्ये बेस कसा ऐकू येतो? खरं कारण पायाशी आहे. कॉम्बो जमिनीवर ठेवला की तो तुमच्या गुडघ्यांना ऐकवतो. सुराची धार असलेले मिड सरळ पुढे जातात आणि कानापर्यंत येते ती फक्त घुमण. अ‍ॅम्प मागे कलता ठेवा किंवा मजबूत खुर्चीवर, कानाच्या रोखाने. मंडपाचं स्टेज म्हणजे लोखंडी सांगाड्यावर टाकलेल्या फळ्या, आतून पोकळ. अ‍ॅम्प वर उचलला की ते पोकळ खोकं वाजायचंही बरंचसं थांबतं. घरचा फोमवाला प्लाय इथेही नेता येतो.

नॉब सगळे मध्यावर. मग गेन, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलची पातळी: कार्यक्रमात जितक्या जोरात वाजवाल, स्लॅप (तारांवर अंगठा आपटून वाजवणं) करत असाल तर स्लॅपसकट, तितक्या जोरात वाजवा. क्लिपचा लाल दिवा चमकायला लागला की नॉब थोडा मागे. अ‍ॅक्टिव्ह बेसला ‘अ‍ॅक्टिव्ह’ इनपुट किंवा पॅड वापरा. त्यानंतरच मास्टर, म्हणजे बाहेर जाणारा आवाज. हा क्रम उलटा केला की आवाज कमी असूनही फाटतो आणि वॅटला दोष जातो.

घरी एकट्याने सुंदर वाटणारा आवाज, म्हणजे बेस आणि ट्रेबल वर आणि मिड खाली, बँडमध्ये पूर्ण हरवतो. खालची जागा किक आणि ढोलकीची धूम घेते, वरची झांजा आणि हाय-हॅट घेतात. तुमच्यासाठी उरते मधली, ४०० ते ८०० हर्ट्झ. ऐकू येत नसेल तर मास्टरकडे जायच्या आधी हाय-मिड ३ डेसिबल वर घ्या. एकट्याने तो आवाज जरा नाकात वाटेल. ड्रम सुरू झाला की बरोबर बसेल. घुमत असेल तर अ‍ॅम्पची जागा बदला, मग बेस खाली आणा, आणि हाय-पास फिल्टर असेल तर तो ३५–४० हर्ट्झवर ठेवा. त्याने ऐकू येणारं फार काही जात नाही, पण कोनचं फुकटचं हलणं थांबतं. कंप्रेसर (जोरातले सूर दाबणारं यंत्र) लावायचाच तर ३:१ किंवा ४:१, सुई तीन ते पाच डेसिबल हलेल इतपत.

साउंड चेकला खुली ई लांब धरा, मग ए, मग बाराव्या फ्रेटच्या वरची एखादी ओळ, मग सर्वांत जोरातला तुकडा. दिवाळी पहाटेला मांडणी अंधारात होते आणि लाउडस्पीकरची बंदी सकाळी सहापर्यंत असते, म्हणून ठाण्यातला राम मारुती रोड असो की तलावपाळी, तिथे लाइन आधी मिक्सरच्या हेडफोनवर तपासून घ्या. प्री लाइन आणि मध्यावरचे नॉब असतील तर पहिल्या गाण्याला फार काही बिघडत नाही.

बिघाड: आधी स्वतः काय बघायचं

वाजता वाजता आवाज जातो, नॉब हलवला किंवा खोक्यावर थाप मारली की परत येतो: दहापैकी बऱ्याच वेळा दोषी असतं मागचं इफेक्ट्स लूप, म्हणजे पेडल जोडायचे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ हे दोन जॅक. ‘रिटर्न’च्या जॅकमध्ये एक स्प्रिंगची पट्टी असते. काही घातलेलं नसताना सिग्नल तिच्यातूनच पुढे जातो, आणि खाडीकाठच्या दमट हवेत ती काळी पडते. एक छोटी पॅच केबल ‘सेंड’मधून ‘रिटर्न’मध्ये घाला. आवाज स्थिर झाला तर निदान पक्कं. कार्यक्रम तसाच उरका; घरी कॉन्टॅक्ट क्लीनर जॅकवर मारून प्लग दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. नॉबची खरखरही त्याच स्प्रेने जाते, मात्र गंज सोडवायचं तेलकट स्प्रे त्यात मारू नका, ते धूळ धरून ठेवतं.

विशिष्ट सुरालाच ‘झिर्र’ येतं: ई तारेपासून वर एकेक फ्रेट सारख्या जोरात वाजवत जा आणि तो सूर सापडला की तोच वाजवत ठेवून दुसऱ्या माणसाला जाळी, हँडल, मागचे स्क्रू एकेक दाबायला सांगा. घरी असाल तर आधी शोकेसची काच आणि पंख्याची वाटी बघा. सगळं दाबूनही गेलं नाही तर अ‍ॅम्प बंद करून कोन दोन्ही हातांनी, सारख्या दाबाने, हलकेच आत ढकला. खरवडल्यासारखं जाणवलं तर कॉइल घासते आहे, स्पीकर री-कोन करायला, म्हणजे कोन आणि कॉइल बदलायला, द्यावा लागेल. सेकंड हँड अ‍ॅम्प घेताना हीच परीक्षा घ्या, आणि अर्धा तास चालू ठेवून मागचा पंखा फिरतो का ते बघा. घोडबंदरच्या बांधकामांच्या धुळीने पंख्याच्या जाळीवर गादी साचते. अ‍ॅम्प तापून स्वतःहून बंद पडतो आणि दहा मिनिटांनी परत सुरू होतो, ते यामुळे.

दोन कॅब लावूनही बेस पातळ वाटतो, एक काढला की भरदार होतो: एकाच्या वायरी उलट्या आहेत. दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलचं धन टोक कॅबच्या धन पिनला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला पाहिजे. दुसऱ्याचा आत गेला तर तोच उलटा.

फ्यूज गेला तर त्याच आकड्याचा आणि त्याच अक्षराचा टाका, ‘टी’ म्हणजे सावकाश जाणारा, ‘एफ’ म्हणजे लगेच जाणारा. चांदीचा कागद गुंडाळू नका. नवा फ्यूजही लगेच गेला तर तिथेच थांबून कारागिराकडे. ट्यूब अ‍ॅम्पचा पत्रा स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर राहू शकतात.

ने-आण

पावसाळ्यात कॅनव्हासच्या कव्हरवर एक मोठी काळी कचऱ्याची पिशवी, तोंड खाली. एसी गाडीतून उतरवलेला अ‍ॅम्प दमट हवेत आला की आत घाम धरतो, म्हणून वीस-तीस मिनिटं कव्हर काढून ठेवा आणि मग चालू करा. कव्हरमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या, दर महिन्याला बदलून. रिक्षात कॉम्बोचा स्पीकर सीटच्या पाठीकडे करा, नाहीतर पहिल्या खड्ड्याला बेसचं डोकं जाळीत घुसतं. बंद करताना आधी मास्टर शून्यावर, मग तुमची लाइन म्यूट झाल्याचा साउंडवाल्याचा इशारा, मग केबल काढायची. तो इशारा यायच्या आत जॅक उपटला तर जो ‘ढप्प’ आवाज होतो, तो हॉलच्या अठरा इंची सबवूफरमधून होतो.